वेढ्यात मागे वळलेला सेनानी

जुलै 1941 च्या दुसऱ्या आठवड्यात सोव्हिएत संघाची पश्चिम आघाडी जवळजवळ कोसळली होती. बेलारूसची राजधानी मिन्स्क 28 जून रोजीच जर्मनांच्या ताब्यात गेली होती. सीमेवरच्या सैन्याचे मोठे भाग वेढ्यात सापडून नष्ट झाले होते आणि आघाडीचे सरसेनापती दिमित्री पावलोव्ह अटकेत होते. त्याच महिन्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मॉस्कोकडे येणारी प्रत्येक वार्ता माघारीचीच होती. अशा वेळी, 13 जुलै रोजी, एका पायदळ कोअरने नीपर नदी उलट्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, ओलांडली आणि रोगाचेव्ह व झ्लोबिन ही दोन शहरे एकाच दिवशी जर्मनांकडून परत घेतली. सीमेवरचे पशेमिसल हे शहर युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी परत मिळाले होते, परंतु ते चार-पाच दिवसांतच पुन्हा सोडावे लागले. रोगाचेव्ह आणि झ्लोबिन मात्र महिनाभर हातची गेली नाहीत.

हा पराक्रम करणारी 63 वी रायफल कोअर ही काही निवडक सैन्याची तुकडी नव्हती. तिचे सेनापती लिओनिद ग्रिगोरियेविच पेत्रोव्स्की यांना तर तीनच वर्षांपूर्वी त्यांच्याच सरकारने सैन्यातून काढून टाकले होते.

पेत्रोव्स्की हे नाव त्या काळच्या सोव्हिएत संघात कोणालाही अपरिचित नव्हते. लिओनिद यांचे वडील ग्रिगोरी पेत्रोव्स्की हे लेनिनच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एक. कामगार म्हणून आयुष्याला सुरुवात केलेले हे गृहस्थ 1912 साली रशियाच्या चौथ्या दूमामध्ये, म्हणजे झारकालीन संसदेत, बोल्शेविक सदस्य म्हणून निवडून गेले. पहिले महायुद्ध सुरू होताच इतर बोल्शेविक सदस्यांसह त्यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी सैबेरियात झाली. क्रांतीनंतर ते रशियाचे गृहखात्याचे कमिसार झाले; पुढे युक्रेनच्या केंद्रीय कार्यकारी समितीचे अध्यक्षपद त्यांनी जवळजवळ दोन दशके भूषविले. 1926 साली येकातेरिनोस्लाव्ह या शहराचे नाव त्यांच्या सन्मानार्थ द्नेप्रोपेत्रोव्स्क असे बदलण्यात आले. याच गृहस्थांच्या सहीने 1918 च्या सप्टेंबरात क्रांतीच्या शत्रूंकडून ओलीस धरण्याचा आणि किंचितही प्रतिकार दिसताच सरसकट गोळ्या घालण्याचा आदेश निघाला होता, ही गोष्ट येथे नोंदवणे भाग आहे. जे यंत्र या घराण्याच्या प्रमुखाने स्वहस्ते चालू केले, ते वीस वर्षांनी त्याच्याच उंबरठ्यावर आले.

लिओनिद यांचा जन्म दोन्बासच्या खाणकामगारांच्या वस्तीतला. घरात पोलिसांची झडती, वडिलांचा तुरुंगवास आणि स्थलांतर हा नित्यक्रम. 1916 साली ते बोल्शेविक पक्षात आले, 1917 मध्ये कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या शाळेतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी पेट्रोग्राडमधील क्रांतीत सहभागी झाले. यादवी युद्धात ते लढले, जखमी झाले आणि 1922 साली लाल सेनेच्या अकादमीतून पदवी घेऊन पूर्णवेळ सैनिकी पेशात स्थिरावले. तिसाव्या दशकाच्या मध्यास त्यांच्याकडे मॉस्कोच्या प्रोलेतारियन डिव्हिजनचे नेतृत्व आले. लाल चौकातील संचलनात मिरवणारी, नवी शस्त्रे आणि नव्या पद्धती प्रथम जिच्या हाती दिल्या जात अशी ही डिव्हिजन. तिचा सेनापती होणे म्हणजे वरिष्ठांच्या विश्वासाची पावतीच होती. तेथून पायरीपायरीने चढत ते मध्य आशियाई लष्करी विभागाचे प्रमुख आणि पुढे मॉस्को लष्करी विभागाचे उपप्रमुख झाले.

आणि मग 1938 उजाडले. मार्शल तुखाचेव्स्की यांच्या हत्येपासून सुरू झालेल्या शुद्धीकरणात लाल सेनेचे अधिकारी हजारोंनी नाहीसे होत होते. पेत्रोव्स्की घराण्यावर संशयाचे सावट आधीपासूनच होते. लिओनिद यांचे बंधू प्योत्र हे पक्षाच्या वृत्तपत्रांतले नावाजलेले लेखक, बुखारिन यांच्या वर्तुळातले. 1932 साली स्टालिनविरोधी ऱ्युतिन गटाशी संबंध जोडून त्यांना पकडण्यात आले होते. आता मेहुण्यालाही, चेर्निगोव्ह प्रांतातील एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याला, गोळ्या घालण्यात आल्या. वडिलांची पदे एकेक करून काढून घेण्यात आली. ज्यांच्या नावाचे शहर नकाशावर होते, त्या म्हाताऱ्याला नोकरी देण्यास कोणी धजेना. शेवटी दूमातला आणि सैबेरियातला जुना सोबती फ्योदर समोइलोव्ह मॉस्कोच्या क्रांती संग्रहालयाचा संचालक होता, त्याने 1940 साली त्यांना तेथील व्यवस्था पाहण्यासाठी ठेवून घेतले. राष्ट्राध्यक्षाच्या तोडीचे पद भोगलेला माणूस संग्रहालयाच्या इमारतीची देखभाल करू लागला.

लिओनिद यांचा जीव वाचला, पण गणवेश गेला. सैन्यातून बडतर्फ झालेल्या अधिकाऱ्याला त्या दिवसांत ओळखीचे लोक रस्त्यात टाळत असत, आणि रात्री जिन्यावर पावले वाजली की घरातली माणसे श्वास रोखून बसत. दोन वर्षे त्यांनी अशी काढली.

त्यांची सुटका झाली ती फिनलंडमुळे. 1939-40 च्या हिवाळ्यात छोट्याशा फिनलंडने लाल सेनेची जी दैना केली, तिच्यामुळे अनुभवी अधिकाऱ्यांचा तुटवडा सत्ताधाऱ्यांच्या लक्षात आला. संरक्षण कमिसार म्हणून आलेल्या तिमोशेंको यांच्या काळात तुरुंगातून आणि बडतर्फीतून अनेकांना परत बोलावले गेले. पुढे जगभर नाव झालेले रोकोसोव्स्की हे त्यांतलेच. 1940 च्या उत्तरार्धात पेत्रोव्स्कींनाही परत घेण्यात आले आणि व्होल्गा लष्करी विभागातील 63 वी रायफल कोअर त्यांच्या हाती देण्यात आली. एक कोअर म्हणजे साधारणतः तीन डिव्हिजन आणि सोबतचा तोफखाना. या कोअरमध्ये 61, 154 आणि 167 क्रमांकाच्या डिव्हिजन होत्या. व्होल्गाकाठच्या शहरांतून आणि खेड्यांतून उभ्या राहिलेल्या या पलटणींत राखीव दलातून बोलावलेली माणसे पुष्कळ होती. दूर देशाच्या पोटात असलेल्या या सैन्याकडे युद्धाच्या आधी कोणाचे विशेष लक्ष नव्हते.

जूनमध्ये 21 व्या सेनेबरोबर ही कोअर आगगाड्यांनी पश्चिमेकडे निघाली आणि जुलैच्या प्रारंभी नीपरच्या पूर्व काठावर, रोगाचेव्ह ते झ्लोबिन या पट्ट्यात येऊन उभी राहिली. गुडेरियन यांचे रणगाडे तोवर नदीला भिडले होते. रोगाचेव्हजवळ पूर्व काठावर त्यांनी मिळवलेला पायरोव पेत्रोव्स्कींच्या सैनिकांनी उखडून काढला. जर्मन रणगाड्यांनी मग फार वेळ न दवडता उत्तरेची वाट धरली आणि स्तारी बिखोव्ह, श्क्लोव्ह अशा ठिकाणी 10 व 11 जुलै रोजी नदी पार करून ते स्मोलेन्स्ककडे सुटले. रोगाचेव्ह-झ्लोबिनसमोर आता त्यांचे मागून पायी चालत येणारे सैन्य काय ते होते, आणि तेही विरळ.

हीच संधी साधून 21 व्या सेनेला बोब्रुइस्कच्या दिशेने हल्ला करण्याचा हुकूम झाला. हुकूम काढणे सोपे होते. नदीवरचे पूल उडवलेले, तराफ्यांचे साहित्य अपुरे, वरून जर्मन विमाने, आणि समोर रोगाचेव्हचा उंच पश्चिम काठ. पेत्रोव्स्कींनी गावोगावच्या होड्या गोळा करवल्या, लाकडी ओंडक्यांचे तराफे बांधवले. झ्लोबिनपाशी तर पाण्यात कोसळलेल्या रेल्वेपुलाच्या लोखंडी कमानींवरूनच सैनिक पलीकडे सरकले. कोअरचा तोफखाना त्यांनी विखरून न ठेवता पार होण्याच्या जागांवर एकवटला. या युद्धाच्या पहिल्या महिन्यात लाल सेनेचे कितीतरी प्रतिहल्ले घाईगर्दीत, तुकड्यातुकड्यांनी झाले आणि तसेच विरून गेले. याच झ्लोबिनसमोर आठवड्यापूर्वी दुसऱ्या एका डिव्हिजनचा असाच घात झाला होता. 13 जुलैचा हल्ला मात्र आधी विचार करून आखलेला होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही शहरे हाती आली आणि पुढील दिवसांत कोअर नदीच्या पश्चिमेस आणखी पुढे सरकली.

बोब्रुइस्क काही मिळाले नाही. जर्मनांनी 53 वी कोअर येथे अडवण्यासाठी आणली आणि एकामागून एक डिव्हिजन या खिंडारात ओतली. स्मोलेन्स्ककडे जाण्यासाठी निघालेले हे पायदळ नीपरच्या काठी अडकून पडले, हेच या हल्ल्याचे खरे फलित मानावे लागेल. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आगेकूच थांबली आणि दोन्ही बाजूंनी खंदक खणले. 31 जुलै रोजी पेत्रोव्स्की यांना लेफ्टनंट जनरलचा हुद्दा देण्यात आला.

ऑगस्टमध्ये चित्र पालटले. मॉस्कोकडे जाणारे गुडेरियन यांचे रणगाडे दक्षिणेस वळू लागले आणि जर्मनांच्या दुसऱ्या सेनेने गोमेलच्या दिशेने जोर लावला. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या दोन पात्यांमध्ये रोगाचेव्ह-झ्लोबिनचा फुगवटा कापला जाणार हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळत होते. तरीही माघारीची परवानगी वेळेवर मिळाली नाही. ती मिळाली तेव्हा कोअर नीपर ओलांडून पूर्वेस आली खरी, परंतु तोवर पाठीमागे जर्मन उभे होते.

याच दिवसांत, 13 ऑगस्ट रोजी, पेत्रोव्स्की यांची 21 व्या सेनेचे सेनापती म्हणून नेमणूक झाली. या सेनेचे सेनापती उन्हाळाभर एकापाठोपाठ एक बदलत होते. मार्शल बुद्योन्नीसुद्धा थोडे दिवस तेथे होऊन गेले होते. पेत्रोव्स्कींपुढे वाट मोकळी होती. नव्या पदाचा भार घेण्यासाठी वेढ्याबाहेर जाणे हे त्यांचे कर्तव्यच ठरले असते आणि कोणी बोट दाखवले नसते. त्यांनी कोअर वेढ्यातून बाहेर पडेपर्यंत मुदत मागितली. त्यांना आणण्यासाठी एक विमान धाडण्यात आले आणि त्यांनी त्यात एका जखमी सैनिकाला बसवून ते परत पाठवले, अशी हकीकत सोव्हिएत सेनानींच्या आठवणींत येते.

सेनापतीने कोठे असावे, याविषयी लष्करी शास्त्राचे उत्तर कदाचित त्यांच्या विरुद्ध जाईल. लाखभर माणसांच्या सेनेला डोके हवे असताना एका कोअरसाठी थांबणे योग्य की अयोग्य, हा वाद घालता येईल. पण 1938 मध्ये ज्याला एका कागदाच्या तुकड्याने सर्वांपासून तोडले गेले, त्याने पुन्हा मिळालेली माणसे सोडून जाण्यास नकार दिला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

17 ऑगस्टच्या पहाटे वेढा फोडण्याचा प्रयत्न झाला. पुढे फोकानोव्ह यांच्या 154 व्या डिव्हिजनचे सैनिक होते, त्यांच्यासोबत स्वतः कोअर सेनापती. पहिली फळी फुटली. त्यानंतर फोकानोव्ह यांना पुढची फळी फोडण्यास सांगून पेत्रोव्स्की मागे, पिछाडी राखणाऱ्या 61 व्या डिव्हिजनकडे, वळले. झ्लोबिन तालुक्यातील स्केपन्या या गावाजवळ ते मारले गेले. कोअरच्या तोफखान्याचे प्रमुख जनरल कझाकोव्ह यांनाही त्याच झुंजीत मृत्यू आला. 154 वी डिव्हिजन फार मोठी हानी सोसून बाहेर पडली. फोकानोव्ह वाचले आणि पुढेही लढत राहिले. दोन दिवसांनी, 19 ऑगस्टला, गोमेल पडले.

पेत्रोव्स्की यांचा देह शत्रूच्या हद्दीत राहिला, आणि त्या विशिष्ट आठवड्यात ही गोष्ट साधी नव्हती. आदल्याच दिवशी, 16 ऑगस्ट रोजी, स्टालिन यांचा 270 क्रमांकाचा आदेश निघाला होता. शरण जाणारा अधिकारी देशद्रोही आणि त्याचे कुटुंबीय अटकेस पात्र, असे त्याचे स्वरूप होते. 28 व्या सेनेचे सेनापती जनरल कचालोव्ह यांचे नाव त्यात शत्रूला मिळालेला भित्रा म्हणून आले. वास्तविक कचालोव्ह 4 ऑगस्ट रोजी लढताना ठार झाले होते. त्यांचे नाव निर्दोष ठरण्यास 1953 साल उजाडावे लागले. बेपत्ता सेनापती, पूर्वीचा बडतर्फ, ज्याचा भाऊ तुरुंगात आहे, अशा माणसावर हाच कलंक लावण्यास काही अवघड नव्हते. तो लागला नाही, कारण वेढ्यातून बाहेर पडलेल्यांनी त्यांच्या मृत्यूची साक्ष दिली.

भावाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. जर्मन सैन्य ओर्योलकडे सरकत असताना तेथील तुरुंगातले राजकीय कैदी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून 11 सप्टेंबर 1941 रोजी दीडशेहून अधिक जणांना शहराबाहेरच्या मेद्वेदेव रानात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. जुन्या क्रांतिकारक मारिया स्पिरिदोनोव्हा त्यांत होत्या, आणि प्योत्र पेत्रोव्स्कीही होते. पंचवीस दिवसांच्या अंतराने संग्रहालयातल्या त्या वृद्धाचे दोन्ही पुत्र गेले, एक शत्रूच्या गोळीने आणि दुसरा स्वतःच्या राज्याच्या.

नीपरचा तो काठ लाल सेनेला पुन्हा पाहायला अडीच वर्षे लागली. 24 फेब्रुवारी 1944 रोजी रोगाचेव्ह मुक्त झाले. ते घेणाऱ्या तिसऱ्या सेनेचे सेनापती जनरल गोर्बातोव्ह हेही 1938 मध्ये पकडलेल्यांपैकी; त्यांनी छळ सोसला, कोलिमाच्या छावणीत सोन्याच्या खाणींत राबले आणि युद्धापूर्वी जेमतेम तीन महिने सुटून आले होते. जूनमध्ये याच रोगाचेव्हच्या बाजूने बोब्रुइस्कवर हल्ला झाला. 26 जूनला झ्लोबिन आणि 29 जूनला बोब्रुइस्क मुक्त झाले.

जर्मन निघून गेल्यावर गावकऱ्यांच्या मदतीने स्केपन्याजवळची कबर सापडली. शत्रूनेच या जनरलला तेथे पुरले होते. जुलै 1944 मध्ये लष्करी इतमामाने त्यांचे अवशेष जवळच्या स्ताराया रूदन्या या गावी आणून पुन्हा दफन करण्यात आले. ग्रिगोरी पेत्रोव्स्की तेव्हाही मॉस्कोच्या संग्रहालयातच काम करीत होते. 1958 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.