फादर थॉमस स्टीफन्स यांचे अल्प चरित्र

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेत, ज्यांचे बहुतेक सारे धर्मकार्य गोव्यात झाले अशा एका इंग्रज पाद्रीचे चरित्र घालण्याचे योजले, तेव्हा ते येथे कशास, असा प्रश्न काही मंडळींनी केला. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आमच्याच चर्चच्या दारात उभे आहे. अंबरनाथचे कारखाने, कल्याणहून बदलापुराकडे गेलेला लोहमार्ग आणि फाळणीनंतर कल्याण कॅम्पात वसलेले सिंधी निर्वासितांचे नगर, ज्यास 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळाले, यांनी या प्रदेशात चहूंकडची माणसे आणली. रविवारी मराठी, कोकणी, मल्याळी व तमिळ बोलणारी कुटुंबे एका बाकावर बसतात, आणि मिस्सा संपताच अंगणात भाषेभाषेचे निराळे घोळके करतात. कोणाची गीते किती झाली, सणाच्या जेवणात कोणाचे पक्वान्न राहिले, यावरून कुरकुर होते. त्या कुरकुरीत आम्हीही सामील असतो, हे लपवीत नाही. आपल्या घरची रीत तीच रीत, असे मानणे माणसास फार सोपे जाते. स्टीफन्स पाद्रींनी हे सोपे काम टाकून अवघड काम कसे पत्करले, ते सांगावे एवढाच आमचा हेतू आहे.

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात 1549 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या काळी त्या देशात कॅथॉलिक धर्म उघडपणे पाळणे संकटाचे होते. थॉमस पाउंड नावाच्या धर्मनिष्ठ गृहस्थाचा चाकर या वेषात ते काही काळ हिंडले. पुढे पाउंड कैदेत पडले आणि स्टीफन्स रोमला गेले. तेथे 1575 साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. स्वदेशातच परके ठरण्याचा अनुभव त्यांनी तारुण्यात घेतला होता. परक्यांविषयीचा त्यांचा पुढील आदर याच अनुभवातून उगवला असावा, असा आमचा तर्क आहे.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज 24 ऑक्टोबरला गोव्यास लागले. दुसऱ्या वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि मग साष्टी प्रांतात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. लोक त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत.

साष्टीची स्थिती तेव्हा शांत नव्हती. पोर्तुगीज सत्तेने 1567 च्या सुमारास तेथील पुष्कळ देवळे मोडली होती व लोकांच्या मनात ती जखम ओली होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय बंधू, तसेच त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. हेच आक्वाविवा अकबर बादशहाच्या दरबारी धर्मचर्चा करून नुकतेच परतले होते. मृत बंधूंची शरीरे मिळवून त्यांस माती देण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे कुंकळ्ळीच्या मुखियांना बोलणीच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून सरकारने ठार केले. आमच्या ख्रिस्तसभेने त्या पाच जणांस 1893 साली धन्य घोषित केले, आणि कुंकळ्ळीचे लोक आपल्या मुखियांना वीर मानतात. दोन्ही स्मरणे आज गोव्यात नांदतात. त्यांपैकी एकच खरे धरावे, असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी पॅरिस येथील आपला भाऊ रिचर्ड यास लॅटिनमध्ये पत्र लिहिले. ज्या देशात नुकतेच आपल्या बंधूंचे दफन केले, त्या देशाच्या भाषांविषयी या पत्रात तिरस्काराचा शब्द नाही. या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी जुळते, हे त्यांनी त्यात नोंदले. विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार कलकत्त्यास मांडला तो 1786 साली, म्हणजे दोन शतकांनंतर. युरोपातील पुष्कळ लोक इतर खंडांतील बोलींस रानटी समजत होते, त्या काळात हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

नवख्रिस्ती लोकांची खरी अडचण स्टीफन्स यांनी ओळखली. जुनी पुराणे सुटली, पण त्यांच्या जागी ओठांवर घोळावे असे काही मिळाले नाही. तशी मागणी एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्याच्या तोंडी त्यांनी आपल्या ग्रंथातच घातली आहे. त्यांनी लोकांना लॅटिन वा पोर्तुगीज शिकण्यास सांगितले नाही. स्वतःच मराठी संतकवींचा ओवीछंद आत्मसात केला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापले गेले. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. आरंभी नमन, मग श्रोत्यांचे प्रश्न आणि गुरूंची उत्तरे, असा सारा थाट देशी आहे. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात. बाप्तिज्मु, स्पिरितु सांतु असे काही शब्द मात्र त्यांनी पोर्तुगीजच ठेवले, कारण तेथे अर्थाचा घोटाळा त्यांना नको होता. मराठीच्या स्तुतीच्या त्यांच्या ओव्या तर सर्वतोमुखी आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्व धर्म सारखेच, असे स्टीफन्स यांचे मत नव्हते. जुन्या देवतांचे खंडन पुराणात आहे, आणि देवळे मोडणाऱ्या सत्तेच्याच छत्राखाली ते राहत होते. त्यांना आजच्या विचाराचा पोशाख चढविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. सत्य कोणते याविषयी त्यांचा निश्चय ठाम होता. पण सत्य सांगण्यास आपलीच भाषा, आपलेच छंद, आपलीच रीत लागते, हा हट्ट त्यांनी सोडला. पुष्कळदा आम्ही याच्या उलट करतो. श्रद्धा एकच असूनही रीतीसाठी भांडतो.

पुराण देवनागरीत छापावे अशी त्यांची इच्छा होती. 1608 साली त्यांनी संघाच्या वरिष्ठांकडे देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. परंतु ग्रंथ रोमन लिपीतच निघाला. कोकणी भाषेत त्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक लिहिले व त्या भाषेचे व्याकरणही रचले. 1619 साली गोव्यात ते वारले, तेव्हा ही दोन्ही पुस्तके अप्रकाशित होती. ती अनुक्रमे 1622 व 1640 साली छापली गेली.

ख्रिस्तपुराणाच्या 1649 व 1654 साली आणखी आवृत्त्या निघाल्या. गोव्यातील देवळांत ते गायिले जाई, आणि कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. मग 1684 साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. स्टीफन्स यांनी ज्या बोलीस ख्रिस्ताचे चरित्र सांगण्याजोगी मानले, ती ख्रिस्ती राज्यातच त्याज्य ठरली. त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी पुराण पुन्हा रोमन लिपीत छापले. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत आला तो 1956 साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, पुण्यात.

लंडन येथे मार्सडेन यांच्या संग्रहात मात्र एक जुनी देवनागरी हस्तलिखित प्रत विसाव्या शतकात जस्टिन अ‍ॅबट यांना आढळली. तीत पोर्तुगीज शब्दांच्या ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. हे काम स्वतः स्टीफन्स यांचे की मागाहून कोणा श्रद्धावंताचे, यावर पंडितांत मतभेद आहे.