अभयदानाची किंमत

३ फेब्रुवारी १८३२ रोजी इंग्रज सरकारने उमाजी नाईकांना पुण्यात फाशी दिली. काही वर्षांपूर्वी याच सरकारने त्यांना माफी देऊन चाकरीत घेतले होते. ज्याला अभय दिले त्यालाच फासावर चढविण्याची पाळी का यावी, हा प्रश्न इतिहासाइतकाच अर्थकारणाचाही आहे.

उमाजींचा जन्म १७९१ साली पुरंदरच्या परिसरात, भिवडी येथे, रामोशी कुटुंबात झाला. किल्ल्यांची राखण आणि गावाची जागल हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्याच्या मोबदल्यात जमिनी व हक्क चालत आलेले. १८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या राजवटीने किल्ल्यांवरील रखवालदार कमी केले, अनेकांच्या जमिनी व हक्क काढून घेतले. जमाखर्चाच्या वहीत ही काटकसर ठरली. परंतु शस्त्र हेच ज्यांचे उपजीविकेचे साधन होते, ती घराणी निराधार झाली. १८२६ च्या सुमारास उमाजींच्या नेतृत्वाखाली पेटलेल्या बंडाचे मूळ येथे आहे.

त्यांच्या टोळीने लूट केली, खंडण्या वसूल केल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि फौज आणि बक्षिसांचे जाहीरनामे निष्फळ ठरताच सरकारने त्यांना माफी, जमीन आणि बंदोबस्ताची चाकरी देऊ केली. हा सौदा एका नायकाशी व त्याच्या साथीदारांशी झाला; समाजाच्या गेलेल्या निर्वाहाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. उमाजी जुने हक्क वसूल करीत राहिले, सरकारचा संशय बळावला आणि ते पुन्हा डोंगरात गेले. १८३१ च्या जाहीरनाम्यात तर त्यांनी इंग्रजांची नोकरी सोडण्याचे व महसूल न भरण्याचे आवाहन केले. टोळीची तक्रार आता राज्याविरुद्धची घोषणा झाली होती.

सरकारने त्यांच्या शिरावर १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन असे इनाम लावले. डिसेंबर १८३१ मध्ये पूर्वीच्या साथीदारांच्याच फितुरीने ते कॅप्टन मॅकिंटॉशच्या हाती सापडले. रखवालदारांना देण्यास ज्या तिजोरीत जमीन नव्हती, ती त्यांच्या नायकाला पकडून देणाऱ्यासाठी मात्र निघाली.

आज महाराष्ट्रात उमाजींची जयंती साजरी होते आणि रामोशी समाजाचे नाव विमुक्त जातींच्या यादीत आहे. गौरव नायकाचा झाला, निर्वाहाचा प्रश्न समाजाचा राहिला. माफीने बंडखोर विकत घेता येतो. बंडाचे कारण विकत घेता येत नाही, ते दूरच करावे लागते.