माथेरानचे कोतवाल वकील

दादरला प्लाझासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. बसची वाट पाहत मीही तिथे कैकदा उभा राहिलो आहे. हे कोतवाल आमच्या कर्जत तालुक्यातले, माथेरानचे, असे सांगितले की मुंबईकर चकित होतो. ते वकील होते म्हटले की अधिकच. वीर म्हणजे हातात बंदूक, काळा कोट कुठला!

मला मात्र अलीकडे तो काळा कोटच आठवतो. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे कर्जत-खालापूरच्या गावांतले आईबाप विचारायला येतात, मुलाने अमुक व्हायचे तर किती शिकावे लागेल. परवा एका मुलीला मानसशास्त्रज्ञ व्हायचे होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर नुसती एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम हवा, रुग्णांबरोबर काम करण्याचा अनुभव हवा आणि परिषदेच्या यादीत नाव हवे. ऐकता ऐकता तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. तेव्हा मी त्यांना कोतवालांची गोष्ट सांगितली.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 चा, माथेरानच्या गरीब न्हावी कुटुंबातला. हवा खायला येणाऱ्या साहेबलोकांच्या आणि शेटजींच्या गावात अशा घरातल्या मुलाने धोपटी उचलावी, हीच रीत. या मुलाने पाटी उचलली आणि पुढच्या शिक्षणासाठी पुणे गाठले.

तेव्हाही वकिलीची वाट लांबच होती. आधी पदवी, मग कायद्याची परीक्षा आणि मग सनद. हल्ली बारावीनंतर पाच वर्षांत किंवा पदवीनंतर तीन वर्षांत कायद्याचे शिक्षण होते, राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी होते आणि 2010 पासून अखिल भारतीय परीक्षाही द्यावी लागते. नियम बदलले, पण घरात पैसा नसताना वर्षे मोजणे तेव्हा जितके जड होते तितकेच आजही आहे.

कोतवाल वकील झाले आणि परत डोंगरावर आले. मला हे फार मोठे वाटते. शिकलेला माणूस नेरळला गाडीत बसला की सहसा उतरतो तो मुंबईलाच! ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की कातकरी-शेतकरी सावकाराच्या दारात जाई आणि वर्षभर फेडत बसे. कोतवालांनी त्यांच्यासाठी धान्य बँकेची कल्पना राबवली. खेड्यांत स्वयंसेवी शाळा काढल्या. अक्षर येत नाही म्हणून माणूस कागदावर कुठेही अंगठा उठवतो, हे वकिलाहून चांगले कोण जाणणार?

मग 1942 साल आले. मुंबईच्या गिरण्यांची वीज आमच्या घाटातून जात होती. खोपोलीचे वीजकेंद्र 1915 चे, भिवपुरीचे 1922 चे. कोतवालांनी आझाद दस्ता उभारला. रानातून रात्री जायचे आणि विजेच्या मनोऱ्यांचे लोखंडी पाय करवतीने कापायचे. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये अकरा मनोरे पडले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले. यातल्या प्रत्येक कृत्याला काय शिक्षा आहे, हे या गड्याला कलमासकट ठाऊक असणार. एवढ्या वर्षांनी मिळवलेली सनद तर त्यांनी पहिल्याच रात्री पणाला लावली होती. मनोरे कापणे बरोबर की चूक, यावर घरोघर वाद होवोत, पण हा माणूस काही न कळून त्यात पडला नव्हता.

मुलीचे वडील इथवर गप्प ऐकत होते. त्यांना वकिली किती वर्षे चालली ते हवे होते. फार नाही, म्हणालो.

फितुरीने दस्त्याचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलीस अधिकारी हॉल यांच्या तुकडीने त्यांना गाठले. गोळीबारात मानिवलीचे हिराजी पाटील पडले आणि कोतवालही. त्यांना तिसावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. वकील असूनही त्यांच्यावरचा खटला कोणत्याच न्यायालयापुढे उभा राहिला नाही.

ती मुलगी जाताना अभ्यासक्रमाचा कागद मात्र मागून घेऊन गेली.