कच्चं मडकं



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७.

आपलं कर्तव्य काय ते आपल्याला कळेनासं झालंय, हे अर्जुन या श्लोकात कबूल करतो आणि शिष्य म्हणून कृष्णाला शरण जातो. त्याआधी तो गप्प होता असं नाही. पहिल्या अध्यायात युद्ध का करू नये याची भरपूर कारणं त्याने दिली आहेत, तीही अगदी शास्त्राचा आधार घेऊन. पण कृष्णाचा खरा उपदेश सुरू होतो तो या कबुलीनंतरच.

हा श्लोक वाचला की मला संत नामदेव आठवतात. कारण गोंधळ फक्त देवावर विश्वास नसणाऱ्यांचा होतो असं आपण धरून चालतो. नामदेव तर विठ्ठलाचे सगळ्यात लाडके भक्त. तरीही त्यांच्या आयुष्यात असा दिवस आला, जेव्हा त्यांना माहीत असलेलं सगळंच अपुरं ठरलं.

नामदेवांचा जन्म १२७० सालचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. व्यवसाय शिंप्याचा, घराणं मूळचं आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचं, पण लहानपण गेलं पंढरपुरात. नैवेद्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. वडील गावाला गेलेले, म्हणून छोटा नामा ताट घेऊन देवळात गेला. देव जेवेना, तेव्हा पायाशी डोकं आपटायला निघाला आणि शेवटी विठ्ठलाला जेवावं लागलं. बाकीच्यांना देव आहे की नाही हा प्रश्न असतो. नामदेवांसाठी तो प्रश्नच नव्हता. देव समोर उभा होता, विटेवर, पंढरपुरात. पत्ता पक्का होता.

पुढे ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांची भेट झाली. एकदा ही सगळी संतमंडळी तेरला गोरोबाकाकांच्या घरी जमली होती. गोरोबा कुंभार. मडकी थापायचं त्यांचं थापटणं तिथेच पडलेलं होतं. हे कशासाठी, असं मुक्ताईने विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते पारखायला, असं कळल्यावर, आमचीही पारख करा की, म्हणून ती मागे लागली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, ते चिडले. गोरोबांनी निकाल दिला : एवढं एक मडकं कच्चं आहे.

विचार करा, ज्याच्याशी साक्षात देव बोलतो त्याला भर बैठकीत कच्चा ठरवलं! नामदेव तडक पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाकडे तक्रार केली. देव आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. विठ्ठलाने संतांचीच बाजू घेतली आणि वर गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे पाठवलं. विसोबाही मजेशीर माणूस. परंपरा सांगते की एकेकाळी त्यांनीच ज्ञानदेवांच्या भावंडांना छळलं होतं आणि मग त्यांनाच शरण गेले होते. म्हणजे आपली खात्री मोडण्याचा अनुभव त्यांना आधीच होता.

नामदेव पोचले तेव्हा विसोबा महादेवाच्या देवळात आडवे झाले होते. पाय थेट पिंडीवर! नामदेव हादरले. त्यांनी पाय काढायला सांगितलं, तेव्हा विसोबा म्हणाले की मी म्हातारा झालोय, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंड दिसली. आणखी तिसरीकडे ठेवले, तिथेही तेच.

आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. पण पाय हातात धरून उभ्या असलेल्या नामदेवांचा तो क्षण जरा डोळ्यांसमोर आणा. लहानपणापासून माहीत असलेला देवाचा पत्ता आता पुरेसा नाही, आणि नवा पत्ता कुणी देतही नाहीये. हे पाय आता ठेवायचे कुठे? बहुतेक आपल्यालाही गोंधळ असाच गाठतो. जुनं उत्तर चुकीचं नसतं, पण आपण जिथे पोचलो तिथे ते पुरत नाही.

त्यानंतरची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाला टोचेल म्हणून. देवाने ताटावर येऊन जेवावं म्हणून रडणारा मुलगा तो हाच. आता देव ताट घेऊन पळाला तरी त्याला ओळखू येत होता.

मग सगळं सोपं झालं का? मुळीच नाही. १२९६ साली अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि यादवांच्या राज्याला हादरा बसला. त्याच वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताई आणि निवृत्तिनाथही गेले. नामदेव तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या वयाचे! ज्यांच्यासोबत तीर्थयात्रा केली, ज्यांच्यामुळे आयुष्याला वळण लागलं, ते सगळे गेले आणि यांच्यापुढे अख्खं आयुष्य पडलेलं.

ज्या नामदेवांना पंढरपूर सोडायचं म्हटलं की रडू यायचं, ते पुढे उत्तरेकडे निघाले. मुलूख परका, भाषा परकी. आजच्या पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे, तिथे त्यांनी अनेक वर्षं मुक्काम केला. तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत पदं रचली. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. गुरू ग्रंथ साहिबात आज नामदेवांची ६१ पदं आहेत. पंढरीच्या शिंप्याची वाणी शीख बांधव रोज आदराने गातात. पंढरपूरच्या बाहेर देव नाही, या खात्रीत नामदेव राहिले असते तर हे झालं असतं का?

१३५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी पंढरपुरात देह ठेवला. जागा निवडली ती महाद्वाराची पायरी, येणाऱ्या प्रत्येकाचे पाय लागतील अशी. डोक्याला थापटणं लागलं म्हणून चिडलेला तरुण शेवटी पायाखालची पायरी झाला. मधे पन्नासएक वर्षं गेली.

ही पन्नास वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. आम्ही टेस्टिंग करतो ते दोष सापडावा म्हणूनच. दोष सापडला म्हणून कुणी अख्खं सॉफ्टवेअर फेकून देत नाही. पण स्वतःच्या बाबतीत आपण वेगळे वागतो. नोकरी, लग्न, परदेशी जायचं की आईवडिलांजवळ राहायचं, साधना चाललीय ती बरोबर आहे की नुसती सवय, असं काही कळेनासं झालं की लगेच वाटतं, आपली श्रद्धाच कमी पडली. मग एकतर आपण ते लपवतो, नाहीतर सगळं सोडून देतो.

गोरोबांचा निकाल पुन्हा नीट ऐका. त्यांनी नामदेवांना कच्चं म्हटलं, फुटकं म्हटलं नाही. फुटकं मडकं कुंभार टाकून देतो. कच्चं मडकं आव्यात घालतो. कच्चं ठरणं म्हणजे अजून भाजायचं बाकी आहे, एवढंच.

आणि त्या काळात नामदेवांनी काय केलं तेही बघा. राग आला तरी ते विठ्ठलापासून दूर गेले नाहीत, राग घेऊन त्याच्याकडेच गेले. जिथे पाठवलं तिथे गेले. उत्तर हातात नव्हतं तरी नाम चालू ठेवलं, कीर्तन चालू ठेवलं, चालत राहिले.

आज एवढंच करूया. ज्या गोष्टीबद्दल सध्या काहीच कळत नाहीये, ती रात्री झोपायच्या आधी देवापुढे जशी आहे तशी मांडूया. सजवून नको, पाठ केलेल्या प्रार्थनेत बसवूनही नको. सकाळपर्यंत उत्तर येईलच असं नाही. तरी सकाळी उठून नाम घ्यायचं आणि कामाला लागायचं. आवा पेटलेला असताना मडक्याने बाहेर यायची घाई करू नये.

राम कृष्ण हरी.