तात्या टोपे आणि विजेची तार

बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारातून पिशव्या भरून आपण न्यू मार्केटच्या बाजूस गेलो की टी. टी. नगर लागते. रिक्षावाले, दुकानदार, शाळेतील मुले, सारे हेच नाव घेतात. नववीच्या वर्गात मी सहज विचारले, की हे टी. टी. कोण? बराच वेळ वर्ग गप्प राहिला. एका विद्यार्थ्याने मात्र घरी जाऊन वडिलांच्या मोबाइलवर शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी एक सोडून दोन उत्तरे आणली. तात्या टोपे १८५९ साली फाशी गेले, हे पहिले. ते फाशी गेलेच नाहीत, वेषांतर करून पुढे पुष्कळ वर्षे जगले, हे दुसरे. दोन्ही उत्तरे त्याला क्षणार्धात मिळाली होती. त्यांतील खरे कोणते, हे मात्र त्या यंत्राने सांगितले नव्हते. तात्यांचे चरित्र या अंकात लिहावे, असे मला तेव्हाच वाटले. बातमी विजेच्या वेगाने नेणारे पहिले यंत्र या देशात आले, तेव्हा त्याच्याशी ज्यांना झुंजावे लागले, त्यांत तात्या हे प्रमुख होते.

तात्यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. नाशिक जिल्ह्यातील येवले हे त्यांचे गाव आणि जन्म १८१४ च्या सुमाराचा. वडील पांडुरंगराव हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व बाजीरावांस गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, जाऊन राहावे लागले. त्यांच्यामागून जी मराठी कुटुंबे घरदार सोडून उत्तरेस गेली, त्यांत टोपे कुटुंबही होते. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, ही अवस्था भोपाळच्या आपल्या मराठी मंडळींस नवी नाही. मी तर घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी आणि बाजारात हिंदी. तेव्हा बिठूरच्या त्या मुलाचे बालपण कसे गेले असेल, याची कल्पना आपणांस करता येईल. बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्या सहवासात तात्या वावरले. टोपे या आडनावाविषयी मतभेद आहेत. बाजीरावांनी प्रसन्न होऊन रत्नजडित टोपी दिली असे कोणी सांगतात, तर कोणी त्या नावाचा संबंध तोफेशी जोडतात. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनी सरकारने त्यांचे निवृत्तिवेतन नानासाहेबांस नाकारले.

त्याच १८५१ साली कलकत्त्यापासून डायमंड हार्बरपर्यंत विजेची तार सुरू झाली. ओशॉनेसी नावाचा एक आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. ही त्याची करामत. १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता आणि आग्रा ही शहरे तारेने जोडली गेली आणि पुढे हे जाळे ग्वाल्हेर-इंदुरावरून मुंबईपर्यंत पोहोचले. जो निरोप नेण्यास जासुदाला कित्येक दिवस लागत, तो आता काही तासांत जाऊ लागला. १८५५ पासून पैसे भरून सामान्य माणसासही तार पाठविता येऊ लागली. आजारी आप्ताची खबर वेळेवर कळणे ही केवढी सोय! परंतु तारघरातील यंत्रावर बसणारा सरकारी नोकर होता आणि खांबांवर पहारा सरकारचा होता. बिठूरच्या वाड्यातील माणसांनी आपले बेत त्या तारेवर कसे घालावेत?

११ मे १८५७ रोजी मीरतहून निघालेले शिपाई दिल्लीत शिरले. दिल्लीच्या तारघरातील दोन तरुण नोकरांनी पळून जाण्यापूर्वी ती वार्ता अंबाल्यास कळविली. तेथून ती लाहोरास गेली आणि १३ मे रोजी तेथील पलटणींस काही कळण्यापूर्वीच त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. एका छोट्या निरोपाने पंजाबात इंग्रजांची सत्ता सावरली.

पण तारेचा हात सर्वत्र पोहोचत नव्हता, हे तात्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. ग्वाल्हेरच्या कंटिंजंट फौजेला आपल्या बाजूस घेऊन त्यांनी २७ व २८ नोव्हेंबर रोजी कानपुराजवळ सेनापती विंडहॅमचा पाडाव केला. मुख्य सेनापती कॅम्बेल तेव्हा लखनौहून परतत होता. त्याला प्रथम ऐकू आले ते दूरच्या तोफांचे आवाज. मग एका हिंदी माणसाने लपवून आणलेली चिठ्ठी मिळाली. ती वाटेत पकडली गेली तरी कोणास कळू नये, म्हणून ग्रीक लिपीत लिहिलेली होती! ज्यांच्या हाती विजेची तार होती, त्यांच्यावरही जुन्या जासुदाच्या पायांवर विसंबण्याची वेळ आली. तथापि ६ डिसेंबरला कॅम्बेलने कानपूर परत घेतले.

३१ मार्च १८५८ ची रात्र मला या चरित्रातील सर्वांत करुण वाटते. झाशीला सर ह्यू रोजचा वेढा पडला होता आणि राणीच्या मदतीस तात्या सुमारे वीस हजारांची फौज घेऊन बेतवेपाशी आले. आपण आलो आहोत हे किल्ल्यात कळावे, म्हणून त्यांनी मोठा जाळ पेटविला. किल्ल्यातील लोकांनी तो पाहिला. तटावरून तोफांची सलामी झाली, आनंदाच्या आरोळ्या उठल्या. पण रोजने टेकडीवर टेहळे बसविले होते आणि झेंड्यांच्या खुणांनी त्याला तात्यांच्या येण्याची वर्दी आधीच मिळाली होती. मित्रासाठी पेटविलेला जाळ शत्रूलाही तितकाच स्वच्छ दिसला. दुसऱ्या दिवशी, वेढा न उठविता, रोजने जेमतेम दीड हजार माणसांनिशी तात्यांचा पराभव केला. पाठलाग थांबावा म्हणून तात्यांच्या लोकांनी मागे वाळलेले रान पेटवून दिले. आशेचा जाळ आणि माघारीचा वणवा यांत पुरता एक दिवसही गेला नव्हता.

पुढे काल्पी गेली. १ जूनला ग्वाल्हेर हाती आले, पण त्याच महिन्यात राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या आणि ग्वाल्हेरही गेले. येथून दहा महिन्यांची ती विलक्षण धावपळ सुरू होते. टोंक, बुंदी, झालरापाटण. झालरापाटणास तोफा मिळाल्या, तर सप्टेंबरात राजगड-ब्यावऱ्याजवळ त्या गमवाव्या लागल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस होशंगाबाद व नरसिंहपूर यांच्या दरम्यान तात्यांनी नर्मदा ओलांडली. पेशव्यांचा माणूस दक्षिणतीरी उतरला, या वार्तेने मुंबई आणि मद्रास सरकारांची झोप उडाली. चाळीस वर्षांपूर्वी सुटलेला मुलूख सातपुड्यापलीकडे होता. मुलताईस तापीच्या उगमाशी ते पोहोचलेही. परंतु नागपूर प्रांत उठला नाही. वर्षभर आधी हे घडते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मग पश्चिमेस वळून नोव्हेंबरात त्यांनी जुलवानिया व नर्मदा यांच्या दरम्यान मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला. गोऱ्या फौजेसाठी चाललेल्या मालाच्या गाड्या त्यांच्या लोकांनी लुटल्या आणि रस्त्याकडेची तार तोडून टाकली. येवल्याचा तो माणूस आणि ओशॉनेसीची तार अशी येथे समोरासमोर आली. तार तोडून तात्यांना अवधी मिळाला, पण तो थोडाच. तार पुन्हा जोडता येते. तोडण्यासारखी तार तरी शत्रूपाशी होती; तात्यांपाशी होते ते हरकारे, खेडुतांनी कानात सांगितलेली खबर आणि घोड्याची पाठ. एवढ्यावर त्यांनी कित्येक इंग्रज तुकड्यांना महिनोन् महिने हुलकावणी दिली. कारण तारेने वर्दी आली तरी त्यापुढे सैन्याला पायीच चालावे लागे.

शेवटी त्यांना पकडून दिले ते तारेने नव्हे. १८५९ च्या आरंभी सीकरच्या पराभवानंतर सोबत फारसे कोणी उरले नाही आणि पारोणच्या जंगलात नरवरच्या मानसिंहाजवळ त्यांनी आश्रय घेतला. २ एप्रिलला मानसिंह मेजर मीडच्या स्वाधीन झाला. तात्यांना त्याचा मागमूस नव्हता. पुढे काय करावे, याचा सल्ला घेण्यास त्यांनी त्याच मित्राकडे निरोप धाडला. ७ एप्रिलच्या रात्री मानसिंह आला तो शिपाई घेऊन. तात्या झोपले होते. १० एप्रिलला त्यांची जबानी झाली, १५ तारखेस लष्करी न्यायालय बसले. आपण केवळ आपल्या धन्याची, नानासाहेबांची आज्ञा पाळली, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत कायम होती. १८ एप्रिल १८५९ रोजी शिपरी, म्हणजे आजची शिवपुरी, येथे त्यांना फाशी देण्यात आले.

बातमी झटकन पसरली, पण अनेकांच्या मनाने ती मानली नाही. फाशी गेला तो दुसराच कोणी, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि आता ती मोबाइलमधून आमच्या नववीच्या वर्गापर्यंत आली. सही केलेली जबानी व खटल्याचे कागद पाहता फाशीचीच हकीकत मला ग्राह्य वाटते, असे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्यावर त्याने विचारले, की तार म्हणजे नेमके काय असते? त्याचे तरी काय चुकले? आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद झाली.

येत्या हिवाळ्यात नववीची सहल शिवपुरीस, तात्यांच्या स्मारकाकडे नेण्याचा विचार आहे. भोपाळहून ब्यावऱ्यास पोहोचले की पुढे गुण्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता लागतो. खांब कोठे होते, ते वाटेत मुलांना दाखविता येणार नाही. तात्यांच्या तोफा जेथे गेल्या, तो ब्यावऱ्याजवळचा प्रदेश मात्र दाखविता येईल.