रेव्हरंड नारायण वामन टिळक

वावरच्या डोंगरी मुलखातील शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता शिकविताना खिशात गलोल बाळगणारी मुलेही गंभीर होत. त्या कवितेचे कर्ते कै. रेव्हरंड टिळक यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

टिळकांचा जन्म इ. स. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. मातृछत्र बालपणीच हरपले. नाशिकास त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. दीर्घ मननानंतर दि. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणीच आप्तांना मरणे होय. ज्ञाती तुटली, सोयरे दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा पुत्रही दूर राहिले. टिळकांनी पत्नीवर बळजबरी केली नाही, तिला टाकलेही नाही. काही वर्षांनी ती साध्वी परत आली. तरी तिचे सोवळे-ओवळे त्यांनी सांभाळू दिले. पुढे तिने स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वतः घेतलेले स्वातंत्र्य घरातील स्त्रीलाही देणे, हे धैर्य मला अधिक मोलाचे वाटते.

अहमदनगरास त्यांनी दुष्काळातील अनाथ मुलांस आश्रय दिला. बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी राहिले. धर्म बदलला तरी देश व भाषा त्यांनी सोडली नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंग, ओवी व कीर्तन यांतून गाईली. तुकोबांचे ऋण उघडपणे मानले. परक्यांच्या अन्नावर स्वदेशी धर्मसेवा शोभत नाही असे वाटताच १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. दि. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेर गेलेल्या पुरुषाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्यांचा मार्ग आपण घ्यावा असे मी म्हणत नाही. परंतु आपला एखादा मुलगा वा मुलगी प्रामाणिक विचाराने वेगळ्या वाटेने निघाली, तर आपण दार लावून घेणार की टिळकांप्रमाणे वाट पाहणार? मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न मनास विचारावा, एवढीच विनंती.