वाटाणा उगवताना दाखवला अन् कर्ज मिळालं! त्र्यंबकचे दादासाहेब फाळके निर्माते कसे झाले?

सिनेमात नावं येतात तेव्हा निर्माता म्हणून एक नाव मोठ्या अक्षरात येतं. आपल्याला वाटतं, निर्माता म्हणजे पैसेवाला शेठ. चेक फाडायचा आणि नफा मोजायचा. पण ज्या माणसानं हे काम आपल्या देशात रुजवलं, त्याच्याकडे पैसाच नव्हता. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात दादासाहेब चित्रकला, फोटोग्राफी शिकले. पुढे फोटो स्टुडिओ काढला, सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना घातला. छपाईतलं नवं तंत्र शिकायला जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसलं आणि छापखान्यातून बाहेर पडावं लागलं. वय चाळीस, घरात बायको-लेकरं, हाताला काम नाही.

अशात मुंबईत गिरगावच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता, यांच्या डोळ्यापुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. घरी येऊन पत्नी सरस्वतीबाईंना सांगितलं आणि त्यांनाही सिनेमाला घेऊन गेले. मग रोज सिनेमे बघायचे, रात्री जागून प्रयोग करायचे. इतकं की डोळे गेले. काही दिवस दिसेना, डॉक्टरांच्या उपचारानं दृष्टी परत आली.

आयुष्याचा विमा गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथं ओळखपाळख कुणाची नाही. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचं ऑफिस शोधलं आणि सरळ संपादकाला जाऊन भेटले. आधी त्या भल्या माणसानं या धंद्यात पडू नका म्हणून समजावलं. हे ऐकेनात, तेव्हा त्यानंच सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं. चित्रण कसं होतं, फिल्म कशी धुतात, कशी छापतात, ते सगळं तिथं बघितलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि परत आले.

कॅमेरा आला, पण पुढच्या खर्चाचं काय? सावकार नुसत्या शब्दावर पैसा देत नाही, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिनाभर रोज थोडं थोडं चित्र घेत गेले. ते पडद्यावर चालवलं, तर दाण्याला मोड फुटून वेल वर चढतो, सगळं मिनिटाभरात! आपण जन्मभर पेरतो, पण असं उगवताना आपणही पाहत नाही. ते बघून पैसेवाल्यांना पटलं. तरी तारण लागलंच. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

निर्मात्याचं खरं काम इथून सुरू झालं. दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’चं काम चालू झालं आणि घराचं लग्नघर झालं. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या, कपडे धुवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडायच्या. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात बसून एकेक पाडावी लागत, तेही त्याच करायच्या. दादासाहेबांच्या बरोबरीनं ही बाई निर्माती होती, असं माझं मत आहे.

तारामतीसाठी बाई मिळेना. सिनेमात काम करणं म्हणजे बट्टा, अशी समजूत. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत सडपातळ हातांचा आचारी दिसला, अण्णा साळुंके. महिना १० रुपये मिळायचे, दादासाहेबांनी १५ देऊ केले. तो झाला तारामती. आणि रोहिदास झाला त्यांचाच मुलगा भालचंद्र. मुंबईजवळच्या वांगणी गावात तर वेगळीच गंमत झाल्याचं सांगतात. ढाल-तलवारी घेऊन आलेली मंडळी बघून गावाला वाटलं दरोडेखोर आले. पोलिसांनी सगळ्यांना धरलं. दादासाहेबांनी कॅमेरा चालवून दाखवला तेव्हा सुटका झाली.

३ मे १९१३ ला सिनेमा मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि चालला. मग बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१७ च्या ‘लंकादहन’नं तर एवढी गर्दी खेचली की गल्ल्याची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, असं म्हणतात.

पण मधल्या काळात महायुद्ध लागलं होतं आणि भांडवल देणाऱ्यांनी हात आखडला होता. कर्जाला कंटाळून १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान कंपनी काढली. भागीदारांना खर्चाचा हिशोब हवा, यांना सिनेमा मनासारखा हवा. वर्षा-दोन वर्षांत खटके उडाले आणि दादासाहेब राजीनामा देऊन काशीला निघून गेले. कंपनीला त्यांच्याशिवाय जमेना, म्हणून पुढे परत आले. पण आता पगारी माणूस म्हणून. आधी छापखान्यात झालं, तेच इथं झालं. अंधारात भोकं पाडण्यापासून सगळं काम शिकलेल्या या माणसाला भागीदारी काही शेवटपर्यंत जमली नाही.

बोलपट आले आणि मूकपटांचा बाजार उठला. त्यांच्या ‘सेतुबंधन’ला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूरसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो १९३७ मध्ये आला. तेव्हा वय सदुसष्ट. त्यानंतर सिनेमा झाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. दादरला ज्या रस्त्यावर हरिश्चंद्राचं काम चाललं होतं, त्या रस्त्याला आज दादासाहेबांचं नाव आहे.